दोन नमस्कार

"ह्योनशिक, तुझ्या काकाला सांग, शाळेत जाऊन आमची शोभा करू नका म्हणावं! पळून आलेल्या माणसाला लढाईच्या गोष्टी सांगायला एवढा इस्त्रीचा सदरा कशाला लागतो?"

दोकबे दोन हातांच्या अंतरावर उभा राहून तोच सदरा घालत होता. वहिनीचा शब्द न् शब्द त्याच्या कानांत शिरला होता, तरी पुतण्याने तो पुन्हा सांगेपर्यंत थांबायचे, हा त्या घराचा पंचवीस वर्षांचा शिरस्ता होता. ह्योनशिक बिचारा ओशाळून म्हणाला, "काका, आई म्हणते, सांभाळून बोला."

सांभाळून! त्याचे सारे आयुष्य दुसरे काय करण्यात गेले होते? युद्धाच्या पहिल्या उन्हाळ्यात उत्तरेचे सैन्य चालून आले, तेव्हा दोघे भाऊ गाव सोडून दक्षिणेकडे निघाले आणि नाक्तोंग नदीच्या घाटावर गर्दीत दादाचा हात सुटला. दोकबे लष्करात भरती झाला, युद्ध संपल्यावर एकटाच परतला आणि वहिनीच्या पायांशी बसून त्याने एवढेच सांगितले, की दादा सापडला नाही. तेव्हापासून गावाने त्याला भेकड ठरवले. भावाचा हात सोडून पळाला म्हणे! त्याने लग्न केले नाही, दादाची शेती कसली, दादाचे पोर शिकवले, आणि तोंडातून ब्र काढला नाही... कारण जे खरे होते ते भेकडपणाहून भयंकर होते!

आता ह्योनशिक मास्तरकीची परीक्षा पास झाला होता. फक्त घराण्याची पोलीस चौकशी उरली होती. फौजदार ग्वाकचा एक वाकडा शेरा पडला, की पोराचा जन्म वाया! आणि तोच ग्वाक आज शाळेच्या पटांगणात पहिल्या रांगेत, गुडघ्यांवर टोपी ठेवून बसला होता. दर साली युद्ध सुरू झाले त्या तारखेला, पंचवीस जूनला, जुने सैनिक मुलांना आपल्या आठवणी सांगत. दोकबेची पाळी आली.

त्याने ठरवून ठेवलेली गोष्ट सांगितली. अन्नाची गाडी आली नाही म्हणून पलटणीने तीन दिवस कच्चे भोपळे खाल्ले आणि सगळ्यांची पोटे कशी बिघडली... मुले खदखदून हसली. तो खाली बसणार, इतक्यात फौजदार म्हणाला, "पोट राहू द्या हो! शत्रूला जवळून पाहिलंत ते सांगा. का पाहिलाच नाही?"

मागे कोणीतरी फिसकन हसले. दोकबेला वहिनीची खाली घातलेली मान दिसली, ह्योनशिकचे लाल झालेले कान दिसले आणि पंचवीस वर्षे दाबून ठेवलेले काहीतरी त्याच्या छातीत उसळले.

"पाहिला," तो म्हणाला. "टेकडी घेतल्यावर त्यांच्या खंदकात एक जण अजून जिवंत होता. पोटात गोळी होती. दुपारपर्यंत मी त्याच्यापाशी बसलो. मग तो गेला... मी हातांनी खड्डा खणला, त्याला पुरला, दोनदा नमस्कार घातला आणि..."

त्याची जीभ जागच्या जागी थिजली. गुडघे टेकून, कपाळ मातीला लावून असे दोन नमस्कार घरच्या मेलेल्या वडीलधाऱ्यालाच घालतात, हे पोरासोरांनाही ठाऊक होते.

फौजदाराने टोपी डोक्यावर चढवली. "दोन? त्यांच्या सैनिकाला? तो तुमचा कोण लागत होता?"

दोकबेच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. संपले! दादाला उत्तरेच्या सैन्याने वाटेत पकडून आपला गणवेश चढवला होता, त्याचा काय दोष? पण हे कोण ऐकणार? शत्रूच्या गणवेशात मेलेल्याचा मुलगा म्हणून ह्योनशिकला कुठली शाळा दारात उभे करणार?

"अहो फौजदारसाहेब, याला काय विचारता!" वहिनी ताडकन उठली होती. तिचे ओठ पांढरेफटक पडले होते, पण आवाज खणखणीत होता. "भीतीनं बुजगावण्यालासुद्धा दंडवत घालील हा माणूस! मेलेलं भूत मानगुटीवर बसेल म्हणून दोन घातले असतील, चार घातले असतील! सख्ख्या भावाला सोडून पळालेला हा... शुद्ध होती का याला मोजायची?"

सगळे पटांगण हास्याने फुटले. फौजदारही हसला. "बसा काका, बसा! आणखी नमस्कार नकोत!"

दोकबे बसला.

ह्योनशिक खुर्च्या आवरायला शाळेतच थांबला. घरी येताच वहिनीने फाटक लावले, आणि पंचवीस वर्षांत प्रथमच दोकबेकडे सरळ पाहिले.

"भावजी, कोणती तिथी होती?"

"आठव्या महिन्याची पाचवी," तो कसाबसा म्हणाला.

"आणि मी नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी पान वाढत राहिले! ज्यांची तिथी कुणालाच ठाऊक नाही, त्यांच्या दिवशी... ते उपाशीच परत जात असतील हो! मला एका शब्दानं सांगायचं नाही?"

"तुम्ही रडला असता, वहिनी. आणि इकडे कुंपणाला कान आहेत."

ती भिंतीला धरून हळूहळू खाली बसली. "जाताना... पोटात काही होतं का त्यांच्या?"

"माझ्या खिशात सातूच्या भाताचा गोळा होता. दोन घास खाल्ले. उरलेला माझ्या हातात दिला, म्हणाला, तू खा, तुला चालायचंय."

वहिनीने घागऱ्याचा काठ तोंडात कोंबला. "ह्योनशिकला सांगायचं नाही. तिथी बदलली म्हणून कुणी विचारलं तर म्हणेन, स्वप्नात येऊन सांगून गेले. आणि भावजी... चारचौघांत मी तुम्हाला भेकडच म्हणत राहणार. पोराला नोकरी लागली तरी. मी मरेपर्यंत!"

"म्हणा वहिनी. खुशाल म्हणा."

तिच्या गळ्यातून एक विचित्र, चिरका आवाज निघाला. तिने तो गिळला, पण दुसरा त्याहून मोठा आला. कुंपणापलीकडे शेजारीण मिरच्या निवडत बसली होती. दोकबेने एकदा वहिनीकडे पाहिले, एकदा कुंपणाकडे पाहिले, आणि तो अंगणात धावला. सातूच्या पेंढ्यांपाशी पायाने फिरवायचे मळणीचे यंत्र उभे होते. त्याने पायटा दाबला. दातेरी पिंप घरघरत, खडखडत फिरू लागले, आणि त्या गदारोळात आत वहिनीने ऊर बडवून टाहो फोडला!

पेंढ्या संपल्या. त्याने मळून झालेले काड पुन्हा यंत्रात घातले, मग तिसऱ्यांदा घातले. त्याच्या डोळ्यांतले पाणी भुशात मिसळत होते, तरी पाय थांबला नाही.

कुंपणावरून शेजारीण ओरडली, "दोकबे! अरे, दाणा नाही राहिला त्यात! काय मळतोयस?"

"थोडं राहिलंय," तो म्हणाला आणि त्याने पायटा आणखी जोराने दाबला.