बेचाळीस किलो सहाशे

माझा व्यवसाय काटे दुरुस्त करण्याचा. गाडीत वीस-वीस किलोची प्रमाण वजनं घालून मी गोदामं, कारखाने आणि दवाखाने फिरतो. काटा उघडायचा, साफ करायचा, वजनं चढवून फरक काढायचा आणि सील लावायचं. या कामात एक सवय अंगात मुरते. काहीही ठेवण्याआधी रिकामा काटा बघायचा. शून्य दिसत नसेल तर बटण दाबून शून्य करायचं. त्यासाठी विचार करावा लागत नाही, हात आपोआप जातो. घरात मला ‘काटेकोर’ म्हणतात आणि ते काही कौतुकाने नाही.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. चोवीस वर्षं शाळेची बस चालवते, पण आजवर एका मुलाला खरचटलेलं नाही. वजन एकशे एकतीस किलो. समोरचा चोरून बघायच्या आत ती स्वतःच आकडा सांगून मोकळी होते. मी बसले की बस रस्ता सोडत नाही, असंही वर म्हणते. चालणं, उपाशी राहणं, आहारतज्ज्ञांचे तक्ते, सगळं करून झालं होतं. दहा किलो उतरायचे आणि बारा चढायचे.

गेल्या वर्षी एका दुपारी सिग्नलला तिचा डोळा लागला. जेमतेम दोन सेकंद. मागे एकोणचाळीस मुलांचा गोंगाट चालू होता, कुणाच्या लक्षातही आलं नाही. ताईने सिग्नल ओलांडून बस बाजूला घेतली, फोन करून दुसरा चालक बोलावला, मुलं घरी पोचेपर्यंत वाट पाहिली आणि मग मुख्याध्यापकांच्या टेबलावर किल्ल्या ठेवून घडलं ते सांगितलं. गप्प बसली असती तरी चाललं असतं. मी तिच्या जागी असतो तर बहुधा गप्पच बसलो असतो.

तपासण्या झाल्या. वजनामुळे झोपेत तिचा श्वास तासाला चाळीस वेळा अडकत होता. नाकावर मास्क लावायचं यंत्र आणलं, ते झोपेत ती ओढून टाकायची. शेवटी सर्जनबाईंनी ऑपरेशन सुचवलं. पोटाला पाच छोटी भोकं पाडून जठराचा मोठा भाग काढून टाकायचा.

ताईने बसच्या फेऱ्यांच्या जुन्या कागदामागे प्रश्न लिहून नेले होते. टाके उसवले तर काय, रक्ताची गाठ झाली तर काय, जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतील का. सर्जनबाईंनी काहीही लपवलं नाही. ज्यांचा श्वास अडकतो त्यांना भूल देताना जास्त जपावं लागतं, हेही सांगितलं. शेवटचा प्रश्न ताईने कागद न बघता विचारला.

“मी टेबलावरून उठलेच नाही, असं होऊ शकतं?”

“होऊ शकतं. हजारात एखादं.”

“आणि केलंच नाही तर?”

“त्याचा नेमका आकडा मला देता येणार नाही. पण तो याहून बराच मोठा आहे.”

तो हजारातला एक माझ्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला. आठ दिवस मी रोज तिच्या घरी जाऊन नको म्हणायची नवी कारणं सांगत होतो. ती सगळं ऐकून घ्यायची. नवव्या दिवशी म्हणाली, “अरे, मला मरायची भीती वाटते. रोज वाटते. पण सिग्नलला त्या दोन सेकंदांत मी एकटी नव्हते. मुलं होती.” मला तिचा इतका अभिमान वाटला की मी उठून चहा करायला आत गेलो.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आठला तिचं शेवटचं वजन व्हायचं होतं, त्यावर भुलीचं प्रमाण ठरतं. त्या रुग्णालयाचे काटे माझ्याच हाताखालचे, म्हणून मी अर्धा तास आधी जाऊन वजनाच्या खोलीत पोचलो. पांढऱ्या फरशा, भिंतीलगत एक बाक, स्पिरिटचा वास आणि मधोमध चाकाची खुर्ची मावेल एवढा रुंद काटा. काटा रिकामा होता. आकडा होता बेचाळीस किलो सहाशे.

मी वरचा पत्रा उचलून खाली पाहिलं. तारा ठीक होत्या, कुठे काही अडकलं नव्हतं. वीस किलोचं वजन ठेवलं, आकडा बरोबर वीसने वाढला. काढलं, पुन्हा बेचाळीस सहाशे. बिघडलेला काटा भरकटतो. हा भरकटत नव्हता. सहाशेचा सहाशे दहा व्हायचा आणि परत सहाशे, अगदी संथपणे. वर जिवंत माणूस उभा असला की श्वासागणिक आकडा असा हलतो.

माझा हात आपोआप गेला. मी शून्य केलं.

“शून्य केलंत?” सिस्टर दारात उभ्या होत्या. मी मान हलवली. त्यांनी ताईची फाइल बाकावर ठेवली. “करत जाऊ नका. थोडं थांबलं की आपणच उतरतं.” कोण, हे मी विचारलं नाही.

ताई आली. पंधरा दिवस नुसत्या पातळ पदार्थांवर काढले होते, वजन एकशे अठ्ठावीस भरलं. आकडा बिनचूक होता, मी वजनं ठेवून पडताळला होता. फक्त एवढ्या रुंद काट्यावर ती मधोमध उभी न राहता एका कडेला उभी राहिली. बाकावर शेजाऱ्याला जागा द्यावी तशी.

नऊला तिला आत नेलं. जाताना तिने माझा गाल ओढला, लहानपणी ओढायची तसा.

मला बाहेर बसवेना. मी वजनाच्या खोलीत गेलो. शून्य होतं. बाकावर बसून मी ते शून्य बघत राहिलो.

नऊ बाराला आकडा बदलला. उणे बेचाळीस किलो सहाशे.

शून्य करताना काट्यावर असलेलं काही नंतर काढून घेतलं, तरच उणे येतं.

खोलीचं दार बंद होतं. ते उघडलं नाही.

आकडा आता जराही हलत नव्हता.

दहा बावन्नला शून्य परत आलं आणि पुन्हा संथपणे हलू लागलं.

मी बटणाला हात लावला नाही.

पाच मिनिटांत सर्जनबाई मला शोधत आल्या. सगळं नीट पार पडलं होतं. मध्ये एकदा ऑक्सिजन एकदम खाली गेला, म्हणाल्या, आणि कुणी काही करायच्या आत आपोआप वर आला. दुपारी ताईने डोळे उघडून विचारलं, “उठले ना मी?” मी सगळ्यांसमोर हमसून रडलो.

पुढचे सात महिने सोपे नव्हते. दोन घास जास्त झाले की उलटी, मूठभर केस जायचे, आणि एकदा तर भरल्या ताटासमोर ती नुसती बसून रडली. तरी एकही गोळी, एकही तपासणी तिने चुकवली नाही. वजन ब्याण्णववर आलं. झोपेची तपासणी साफ निघाली आणि मुख्याध्यापकांनी किल्ल्या परत दिल्या.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम शाळेच्या फाटकाशी गेलो. बस नवी होती. चालकाशेजारच्या सीटखाली वजन ओळखणारी पट्टी आहे, कुणी बसून पट्टा बांधला नाही तर गजर होतो. असल्या पट्ट्याही मी बसवतो, म्हणून मला ठाऊक.

ताईने मुलं मोजली. एकोणचाळीस, सगळी मागे. मदतनीस बाई मागच्या दाराशी बसल्या. ताई टुणकन चढून आपल्या जागेवर बसली, मग वाकली आणि शेजारच्या रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून खटकन लावला.

मी खिडकीशी जाऊन म्हटलं, “ताई, तिथे कुणी नाहीये.”

“हो रे,” ती आरसा नीट करत म्हणाली. “पण नाही लावला तर वाजत बसतं.”