पिकपवरचा ठोका

"अण्णाची गोष्ट रंगात आली की पिकपच्या पत्र्यावर मागनं दोन ठोके हाणून दाखव. हाणलेस तर उद्या मिसळ माझ्याकडनं."

असं माझा दोस्त स्वराज म्हनला आन मी येड्यासारखा 'हां' म्हनलो. मला कुनी 'करून दाखव' म्हनलं की माझं डोकं बंदच पडतं. शाळेत पन निम्मा मार त्यापायीच खाल्लाय.

मंगळवार व्हता, रातीचे पावनेदहा. आमच्या बोरी गावात लाईट सव्वादहाला येनार, मंग शेतातली मोटर चालू करायची. तवर बिबट्याच्या भ्यानं कुनी एकटं बसत नाय, समदे सयाजी अण्णाच्या अंगनात. अण्णा जुना ड्रायव्हर. त्याची पिकप बारा वर्सं अंगनातच उभी. चालवत नाय, इकत नाय, धूत पन नाय. शेजारची लंकामावशी वट्यावर शेंगा फोडत बसलेली.

गोष्ट आमाला पाठ व्हती. अण्णा 'माझ्या वळखीचा एक ड्रायव्हर' असं म्हनायचा, पन ड्रायव्हर त्योच आन क्लिनर म्हंजी मावशीचा गोकुळ, हे गावाला ठावं. गोकुळ रेल्वेखाली गेला. इशारा चुकीचा दिला, सोताच्या चुकीनं गेला, असं गाव म्हनतं. मावशी बी तसंच मानती. दर वर्सी गोकुळच्या तिथीला अण्णापुढं हात जोडती, "माझ्या पोरानं तुमाला बी मारलं असतं. पदरात घ्या."

अण्णानं तंबाखू मळली आन सुरू झाला.

"नारायनगावात टोमॅटो भरलं. दौंडच्या पल्याड पोचवायचं व्हतं. नोव्हेंबरची रात, एक वाजून चाळीस. वाटंत रेल्वेचं क्रॉसिंग. फाटक नाय, मानूस नाय, निस्ता बोर्ड. क्लिनर पोरगं शानं. बोर्डावर लिवलंय तसं खाली उतरलं, रुळापाशी जाऊन दोनीकडं बघितलं. पोरांनो, क्लिनरचा ठोका म्हंजी ड्रायव्हरचा डोळा. पत्र्यावर एक ठोका, थांब. दोन ठोके, जाऊंदे."

"मंग?" स्वराज म्हनला आन मला कोपर मारलं. मी अंधारात सरकलो.

"मंग मालगाडी आली. डबं सरता सरंना. गेली एकदाची. आपल्या जुन्नरात कुठं रूळ हायेत रं? वढ्याच्या अरुंद मोरीवरनं एस्टी गेली की रस्ता आपला, येवढंच आपल्याला ठावं. पन तिथं रूळ दोन व्हते. मालगाडीच्या धडधडीत दुसरीकडनं येनारी गाडी ऐकू यीना, तिच्याआड दिसंना पन. एक गेली तरी थांबायचं असतं. दुसरा रूळ लांबवर मोकळा दिसंस्तवर थांबायचं..."

मी पान्याच्या ड्रमामागं पोचलो. तोंडात बाही कोंबली, हसू फुटंल म्हनून. पिकप अजून चार पावलं लांब.

अण्णाचा आवाज बारीक झाला.

"पोरगं मागल्या अंगाला आलं... हात उचलला... आन..."

ठण्ण!

एकच.



"सार्थक्या, लेका, जिकलास!" स्वराज वरडला. "पन दुसरा हाण की!"

मी कुठनं हाणू? मी ड्रमामागंच व्हतो. दोनी हात वल्ल्या ड्रमावर.

तेवढ्यात लाईट आली. टायमाच्या आधी.

पिकपवर बारा वर्सांची धूळ. त्या धुळीत एक पंजा. ताजा. पाच बोटं, सगळी पसरलेली.

मी माझे हात वर केले. समद्यांनी बघितले. वल्ले व्हते. धुळीचा कन नाय.

स्वराजचं हसू तोंडातच ऱ्हायलं. अण्णा उठला. पिकपपाशी गेला. पंज्याकडं बघितलं.

"एकच," म्हनला. "एकच मारला व्हतास रं तू."

मावशी वट्यावरनं उतरली. पदरातल्या शेंगा सांडल्या, तिला कळलं पन नाय.

"अण्णा? काय म्हनताय? दोन व्हते ना? तुमीच सांगितलं सगळ्यांला, गोकुळनं दोन मारले म्हनून."

अण्णानं तिच्याकडं पाठ केली.

"पोलिसांला पन तेच सांगितलं."

मावशी फिरून त्याच्यासमोर उभी ऱ्हायली.

"मंग बारा वर्सं मी हात जोडत व्हते, ते?"

"जोडून घेत व्हतो, लंका."

अण्णासारखं रडनारं म्हातारं मानूस मी कवा बघितलं नव्हतं. आवाज नाय, काय नाय. निस्ते खांदे हलत व्हते.

"त्यो थांब म्हनला व्हता. माल नासंल म्हनून मीच गेर टाकला. मालगाडी तर गेली, म्हनलं आता कोन येतंय. चढावर, ऐन रुळात बंद पडली. दिवा दिसला तवा माझे हातपाय गेले. त्यो पळून जाऊ शकला असता, लंका. त्यो पुढं आला. बॉनेटला छाती लावून मला मागं लोटलं. चढ व्हता, गाडी घरंगळली मागं... त्यो तिथंच ऱ्हायला."

मावशीनं पिकपच्या पत्र्याला हात लावला.

"तुझं पोरगं चुकलं नाय," अण्णा म्हनला. "म्या मारलं त्याला."