ऊर्सेलच्या चौकटीतली मेणबत्ती

दिवा जवळ घे पोरी, म्हणजे ही छाप तुला नीट दिसेल.

आम्ही नवरा-बायकोनं काम वाटून घेतलं होतं. तांब्याच्या पत्र्यावर योब्स्ट चेहरा कोरायचा आणि मी भोवतीची चौकट, फुलं, फिती, पडदे. आपल्या आउग्सबुर्ग शहरात माणूस गेलं की त्याचं चित्र छापून सोयऱ्यांत वाटतात. जिवंत माणसाच्या चौकटीत पेटती मेणबत्ती, गेलेल्याच्या चौकटीत विझलेली, वर धुराची रेघ. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

मग आमची ऊर्सेल तापानं गेली. सहा वर्षांची. योब्स्टनं रडत रडत तिचा चेहरा कोरला, खांद्यापर्यंत. मी मेणबत्ती कोरली ती पेटती.

"बुर्गा, अगं लोक काय म्हणतील?"

"लोक गेले खड्ड्यात! तू तुझे चेहरे बघ, माझ्या चौकटीत नाक खुपसू नकोस."

दुसऱ्या दिवशी भरदुपारी मी छपाईचे कागद भिजवत होते. चुलीमागून खोकला ऐकू आला. तिचाच, तसाच ओला... मग बारीक आवाज, "आई, अंग भाजतंय गं..."

मी धावले. चुलीमागचा तिचा बिछाना रिकामा. चूल थंडगार. उशी मात्र घामानं चिंब, हात लावला तर कढत.

खोटं कशाला बोलू, आधी मला आनंदच झाला. लेक घरात होती ना! पण रोज तोच खोकला, तीच तहान. पाणी ठेवलं तरी भांडं भरलेलंच राहायचं. माझ्या पेटत्या मेणबत्तीनं तिला तापासकट अडकवून ठेवलं होतं.

"अजून किती गं, आई..." ती म्हणाली आणि माझं काळीज फाटलं.

"जाऊ दे तिला," योब्स्ट हळूच म्हणाला. "विझव ती..."

मी ज्योत खरवडली, पत्रा मागून ठोकून सपाट केला आणि तिथं धूर कोरला. रेघ वाकडी आली. खोकला थांबला. घर इतकं गप्प झालं की मी हंबरडा फोडला.

संध्याकाळी छाप काढली, ती ही. चेहरा शांत आहे, धूर आहे. आता चौकटीच्या खालच्या कडेला बघ... आतून आलेली चिमुकली बोटं. दोन्ही हातांनी कड घट्ट धरलीय.

योब्स्टनं हात कोरलेच नव्हते. मीही नाही. पत्र्यावर ते दिसतही नाहीत, फक्त कागदावर उमटतात. मी तिला सोडवलं की घराबाहेर ढकललं, सांग ना!

परवा पुन्हा एक छाप काढली. तिच्यात एकाच हाताची बोटं उरलीत. त्यानंतर आणखी छाप काढायची माझी हिंमत झालेली नाही.