शेवटच्या पाटीवरचा नवा गडी

"तू कोण?" रंभाजीने मला विचारलं.

रंभाजी म्हणजे आमच्या आट्यापाट्यांच्या संघाचा यंत्रमानव प्रशिक्षक. आजवरचे सगळे सामने त्याच्या डोक्यात. समोरची कुठली मुलगी कशी हूल देते, हे तो झोपेत सांगेल. दुपारी अंतिम सामना, आणि हे महाशय मलाच ओळखेनात.

झालं होतं असं. रंभाजी हल्ली उत्तर द्यायला फार वेळ लावायचा, म्हणून नानाआजोबांनी काल त्याला नवा, वेगवान ड्राइव्ह (माहिती साठवणारा भाग) आणला. अवकाशयानांचे संगणक बनवण्यात त्यांची हयात गेलीय. रंभाजीच्या चालण्या-बोलण्याची नक्कल त्यांनी नव्या ड्राइव्हवर केली. आमच्या आणि सामन्यांच्या आठवणी जुन्यावरच ठेवल्या. मदरबोर्डवर (संगणकाचे सगळे भाग जिथे जोडतात तो तक्ता) नव्यासाठी दोन खाचा रिकाम्या होत्या.

"कुठल्या खाचेत बसवू?" त्यांनी विचारलं.

"खालच्या. आमच्यात नवा गडी शेवटच्या पाटीवर उभा राहतो," मी म्हटलं. मीही यंदाच संघात आलेय, त्यामुळे ती पाटी, म्हणजे समोरच्यांना अडवायची मैदानावरची आडवी रेघ, मला चांगलीच ठाऊक आहे.

आणि आता हे. "जुना ड्राइव्ह मेला," मी म्हणाले. रडूच आलं मला.

"नाडी बघितलीस का? आधी तपासायचं, मग सुतक पाळायचं," नानाआजोबा म्हणाले.

त्यांनी जुना ड्राइव्ह घरच्या संगणकाला जोडला. सगळे सामने जिथल्या तिथे. मग तो परत रंभाजीत लावून केबल बदलली. तरी रंभाजीचं तेच, "तू कोण?"

"कालच्यात आणि आजच्यात फरक काय, शर्वाणी?"

"नवा ड्राइव्ह."

"मग तोच काढून बघू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे दोष कुठे ते कळतं."

नवा काढला. रंभाजी जुन्यावर रखडत रखडत सुरू झाला आणि म्हणाला, "शर्वाणी, नाश्ता केलास का?" नवा पुन्हा बसवला. "तू कोण?"

म्हणजे दोघेही धडधाकट, पण एकत्र नांदेनात. नानाआजोबांनी मदरबोर्डवर भिंग धरून एकेक जोडणी तपासली. मग हसले.

"माहिती ये-जा करते ती ठरलेल्या वाटांनी. वाटा मोजक्या, जोडायच्या जागा जास्त. म्हणून इथे एकच वाट दोघांत दिलीय: ही खालची खाच आणि हा कोपऱ्यातला पोर्ट (केबल जोडायची जागा). खाचेत कोणी बसलं की पोर्ट आपोआप बंद. जुना ड्राइव्ह नेमका त्याच पोर्टला आहे."

"एका पाटीवर दोन गडी," मी म्हणाले. "एकाला बाहेर बसावंच लागणार."

"शाबास. वरच्या खाचेला मात्र स्वतःची वाट आहे, थेट प्रोसेसरपर्यंत (संगणकाच्या मेंदूपर्यंत)."

"सगळ्याच मदरबोर्डवर असं असतं?"

"छे, प्रत्येकाची मांडणी निराळी. म्हणून भाग खाचेत बसला की काम झालं, असं समजायचं नाही. त्याची वाट कुठली, तेही बघायचं. तुझ्या पाटीच्या नादात मी ते बघितलंच नाही."

आम्ही वीज बंद केली. मी स्वतःच्या हाताने नवा ड्राइव्ह काढला आणि वरच्या खाचेत बसवला. मग बटण दाबलं.

रंभाजीचे डोळे लगेच उजळले. "शर्वाणी, उडी घेताना डावा पाय अजून आधी उचलतेस तू." मी त्याच्या थंडगार गळ्यातच पडले.

दुपारी मैदानावर आमची कप्तान संयुक्ता सवयीने म्हणाली, "शर्वाणी, शेवटची पाटी."

"पहिली," रंभाजी म्हणाला.

"पण नवा गडी..."

"नव्या गड्याला कुठे उभं करायचं, ते मला आज सकाळी चांगलं कळलंय."

समोरच्या मुली माझ्या पाटीपर्यंत आल्या आणि तिथेच अडकल्या. रंभाजी झटपट सांगत होता, "डावीकडून हूल, उजवीकडे झेप," आणि मी झेपावत होते. सामना आम्ही जिंकला. संयुक्ताने मला खांद्यावर घेतलं.

पुढच्या वर्षी स्पर्धा चंद्रावरच्या वसाहतीत आहे. नव्या मुली यायला लागल्यात. काल एकजण आपणहून शेवटच्या पाटीवर जाऊन उभी राहिली. मी तिला हात धरून पुढे आणलं आणि म्हटलं, "थांब, तुला कुठे जमतं ते आधी बघू."