कपाळावरचा डाग

मी गेले होते विरजण मागायला. खरं सांगायचं तर विरजण घरात होतं. पण शेजारच्या योगिनीच्या मागच्या खिडकीला भर दुपारी जाड काळा पडदा लागलेला दिसला, आणि दिवसाढवळ्या अंधार कशासाठी हे विचारल्याशिवाय मला जेवण गेलं नसतं. वाटी घेतली नि गेले.

दोन हजार सात सालची गोष्ट. नाशिक रोडला नोटांच्या प्रेसच्या मागे आमची कॉलनी. आमचे हे प्रेसमध्येच होते. ते जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मुलगा नोकरीला पुण्यात. रिकामी दुपार अंगावर यायची, मग मी ती लोकांच्या घरी घालवायची.

योगिनी आधी स्टेशनजवळच्या एका फोटो लॅबमध्ये कामाला होती. रीळ धुवायला कुणी येईना, लॅब बंद झाली, तसा तिने मागच्या खोलीत स्वतःचा कॉम्प्युटर मांडला. आतलं सगळं फुकटचं. लिनक्स म्हणून काहीतरी, आणि फोटो दुरुस्त करायला गिम्प. चोरून आणलेलं नाही काकू, म्हणाली, जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलंय आणि वाटून टाकलंय. म्हटलं, म्हणजे भंडाऱ्यासारखं. तिला ते फार आवडलं. कॉलनीतल्या बायकांना मात्र पटायचं नाही. फुकटच्या मशीनवरचा फोटो पावसाळ्याच्या आत उडून जाणार, असं नळावर ठरून गेलं होतं.

पडद्याचं कारण साधंच निघालं. स्क्रीनवर ऊन पडलं की रंग खोटे दिसतात. मी वाटी बाजूला ठेवली आणि बसले. दुसऱ्या दिवसापासून मेथीची जुडी घेऊनच जायला लागले.

तिच्या हातात काम होतं वरच्या मजल्यावरच्या झुंबरअण्णांचं. अण्णांच्या नातीची, संध्याची, हळद आठवड्यावर आलेली. अण्णांची बायको सगुणाबाई पोरगं रांगत असतानाच गेली. तिचा एकच फोटो होता, जत्रेत काढलेला, काळा-पांढरा, विड्याच्या पानापेक्षाही लहान. त्याला बुरशी लागून असे ठिपके पडले होते की खुद्द तिच्या मुलालाही आईचा चेहरा कधी धड बघायला मिळाला नव्हता. अण्णांना तो मोठा करून, रंग भरून हवा होता. हळदीला खुर्ची मांडून त्यावर सगुणाबाईला बसवायचं होतं.

"माझे डोळे चाललेत, पोरी," अण्णा म्हणाले होते. "आणि तिचा चेहरा मलाबी आता आठवत नाय. एकदा दिसू दे."

योगिनीने त्या फोटोसाठी अगदी रीत बसवली होती. ती वर्कफ्लो म्हणायची. फोटो स्कॅन करायचा आणि 'मूळ' नावाच्या कप्प्यात ठेवून त्याला कुलूप लावायचं. त्यात परत हात घालायचा नाही. काम करायचं ते नकलेवर. लोणच्याच्या बरणीचंही असंच असतं, मला लगेच समजलं. मग नकलेवर एकावर एक काचा ठेवल्यासारखे थर द्यायचे. एका थरावर डाग काढायचे, दुसऱ्यावर चेहरा उजळायचा, तिसऱ्यावर रंग. एखादा थर बिघडला तर तेवढाच उचलून टाकायचा, खालचं शाबूत. बुरशीचे ठिपके ती एकेक करून काढायची. शेजारची चांगली कातडी घ्यायची, ठिपक्यावर ठेवायची, ठिपका गायब. हळूहळू त्या धुरकटातून एक हनुवटी वर आली. मग नाक. मला तर कुणाचं बाळंतपण बघत असल्यासारखं वाटत होतं.

पण एक ठिपका ऐकेना. कपाळावरचा.

आज काढला, उद्या फाइल उघडली की होता तिथे. पहिल्यांदा वाटलं, सेव्ह करायचं राहिलं. दुसऱ्यांदा माझ्यासमोर सेव्ह केलं. तिसऱ्यांदा तिने माझ्याकडे वळून विचारलं, "काकू, तुम्ही येता-जाता काही दाबत नाही ना?"

मला राग आला नाही. माझ्यावर संशय घेणं साहजिकच होतं. मग तिने ते गिम्प बनवणाऱ्या लोकांना इंटरनेटवर विचारलं. कुठल्याशा लांबच्या देशातून कुणीतरी भलं मोठं उत्तर पाठवलं. पुसलेलं आपोआप परत येत नाही, कृपया नीट तपासावं.

त्या दिवसापासून खोलीत वास यायला लागला. आधी वाटलं, मशीन तापलं असेल. पण तो तारेचा वास नव्हता. गोडसर, जुनाट... माझ्या आईच्या फणीपेटीला यायचा तसा. मेणाचा. आणि मशीनच्या घरघरीत मधूनच काहीतरी किणकिणायचं. माझ्या हातात बांगड्या नाहीत. योगिनीच्याही नव्हत्या.

हळदीच्या आदल्या दुपारी ती पुन्हा तो ठिपका काढायला बसली. संध्याकाळपर्यंत फोटो छापायला जायला हवा होता. मी शेजारी मेथी निवडत होते. एवढ्यात लाइट गेले. तेव्हा भारनियमन रोजचंच होतं. खालची बॅटरी टीं टीं करत राहिली, मग तीही दमली. स्क्रीन काळीठिक्कर झाली. दाराच्या फटीतून येणारा उजेड तेवढा होता, आणि त्या उजेडात काळ्या काचेत आम्ही दिसत होतो. मी. मांडीवर मेथी. योगिनी. आणि आमच्या दोघींच्या मध्ये, जरा मागे...

डोक्यावरून पदर होता. ती आमच्याकडे बघतच नव्हती. काचेत स्वतःकडे बघत होती. मान किंचित वर केलेली, उजव्या हाताचं एक बोट कपाळाला लावलेलं, आणि ते बोट हळूहळू गोल फिरत होतं.

"योगिनी..." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"मागे बघू नका, काकू."

"तुलाही..."

"हो."

बांगड्या किणकिणल्या. अगदी कानाजवळ. मग वास पातळ होत गेला, आणि काचेत आम्ही दोघीच उरलो. योगिनीने उठून पडदा बाजूला ओढला. भक्क ऊन आत आलं. मेथी सगळी जमिनीवर सांडली होती.

पोरगी भिंतीला टेकून उभी राहिली. मला मात्र एकाएकी हसू यायला लागलं. कपाळावरून काय पुसलं जातं, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

"डाग नाही गं तो," म्हटलं. "कुंकू आहे. तू रोज पुसतेस, ती रोज लावते."

मी जिन्यावरूनच अण्णांना हाक मारली. ते भिंत चाचपत खाली आले. वहिनींच्या कपाळाला काय असायचं, एवढंच मी विचारलं. त्यात सांगायचं काय, असा त्यांचा चेहरा झाला.

"सवाष्ण गेली ती," म्हणाले. "मेणावर कुंकू लावायची. कामाच्या घामानंबी हलायचं नाय. शेवटी वाचा गेलती, तर खुणेनं आरसा मागितला."

लाइट आल्यावर योगिनीने एक नवा थर घेतला. ठिपका काढायचा तर राहोच, उलट तिने त्यात रंग भरला. कोणता लाल, यावरून आमची भांडणं झाली. तिचा लाल टिकलीचा होता. पिंजरीच्या कुंकवाचा लाल वेगळा, मातीकडे झुकणारा. जमलं तेव्हा चेहराच बदलला. ठिपक्यांमुळे इतके दिवस कळलंच नव्हतं, बाई फोटोत हसत होती. अण्णांनी नाक स्क्रीनला टेकवून बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं.

"हीच," म्हणाले. "जत्रेत माझा फेटा उडाला होता, त्याला हसतीय."

दुसऱ्या दिवशीची हळद काय वर्णावी. मांडवात खुर्चीवर फ्रेम, गळ्यात मोगऱ्याचा हार, हिरव्या साडीतली सगुणाबाई. संध्याने पहिली हळद आजीच्या काचेला लावली. नळावरच्या त्याच बायका योगिनीला आपापल्या सासवांचे फोटो आणून देण्याचं कबूल करत होत्या. सवाष्णी एकेक करून पुढे होत होत्या, काचेला हळदीकुंकू लावत होत्या. मी मागे खांबापाशी उभी होते. मला कुणी अडवलं नव्हतं. ते आपणच ओळखायचं असतं. पण निघताना मांडव रिकामा बघून मी खुर्चीजवळ गेले, वाकून म्हटलं, "आता झालं ना मनासारखं?" आणि घरी आले.

सकाळी तोंडबिंड धुऊन योगिनीकडे गेले. आता वाटीची गरज नव्हती. तिने हळदीत काढलेले फोटो कॅमेऱ्यातून मशीनमध्ये घेतले होते, 'मूळ'मध्ये टाकून कुलूप लावलं होतं, आणि एकेक बघत होती.

"हा बघा, तुमचा चोरून काढलाय," म्हणाली.

मी खुर्चीसमोर वाकलेली. योगिनीने फोटो मोठा केला, आणि तिचा हात थांबला.

"काकू, तुमच्या कपाळावर डाग आलाय."

गोल होता. मातीकडे झुकणारा लाल. मी फोटोतल्या खुर्चीवरच्या फ्रेमकडे बघितलं. हार होता, काचेवर हळद होती. काचेमागे नुसता पांढरा कागद होता.

खोलीत तो वास भरला होता.

"काढू का?" योगिनीने अगदी हळू विचारलं.

"राहू दे," म्हटलं.

मग मी कपाळाला हात लावला. बोटाला मेण लागलं.