चौथं दार

बेनिअल्मारमध्ये कुणी आपण होऊन बँडमध्ये जात नाही, बँडच न्यायला येतो. नोव्हेंबरात, वादकांची संत सांता सेसिलिया हिच्या सणाला, सगळा बँड गणवेश घालून, वाजवत वाजवत नव्या वादकाच्या दाराशी येतो. वाजणं थांबतं. नवा वादक आपलं वाद्य घेऊन उंबरठा ओलांडतो, आई डोळे पुसते, बाप गोड वाईन आणि बदामाची बिस्किटं फिरवतो, आणि पुढच्या दारी निघताना रांगेत एक जण वाढलेला असतो. दारात थांबलेला बँड रिकामा फिरत नाही, अशी आमच्याकडे म्हणच आहे. लहानपणी मला ती फार आवडायची.

मी रोझेर. गावातलं औषधांचं दुकान माझं, आणि बँडमध्ये मी क्लॅरिनेट वाजवते. दिवसभर गोळ्या मोजणाऱ्या बाईला भुताखेतांसाठी वेळ नसतो. माझा नवरा ब्लाय बाँबार्दिनो वाजवायचा. लेकरासारखं कवेत घ्यावं लागतं असं ते जाडजूड पितळी वाद्य, पण आवाज असा मऊ की भांडणारे गप्प बसावेत. ब्लायचं नाव घशाची राखण करणाऱ्या संताचं. संताने घसा राखला, छातीकडे बघायचं मात्र तो विसरला. फरशांच्या कारखान्यातली धूळ ब्लायच्या फुप्फुसांत जाऊन बसली आणि डॉक्टरांनी त्याचं वाद्य फुंकणं बंद केलं. तेव्हापासून बाँबार्दिनो आमच्या बैठकीतल्या कपाटावर पडून आहे. तालमीच्या हॉलमधली त्याची खुर्ची मास्तर गास्पारांनी कुणाला हलवू दिली नाही. ती रिकामी खुर्ची बघून मला दर वेळी राग यायचा, कुणाचा ते मला सांगता आलं नसतं.

त्या वर्षी बँडने स्वतःसाठी नवी रचना लिहून घेतली होती. एस्क्रिवा नावाचा शहरातला संगीतकार आदल्या नोव्हेंबरात येऊन खानावळीत राहिला, गावभर भटकला आणि गाव सुरांत मांडून त्याने पाठवून दिलं. पहिला भाग कोरड्या ओढ्याचा, दुसरा बदामाच्या मोहराचा, तिसरा जत्रेतल्या दारूकामाचा. त्यात बडा ढोल बडवणाऱ्या नेलोला इतकं काम होतं की तो म्हणायचा, "या माणसाला माझा खांदा उतरवायचाय." चौथ्या भागाचं नाव होतं 'बोलावणं'. त्यात बँड चालता चालता थांबतो, शांतता होते, दाराआडून एक वाद्य उत्तर देतं आणि मग सगळ्यांत मिसळतं. आधी बासरी, मग ट्रंपेट, मग सॅक्सोफोन. त्या वर्षी बँडमध्ये येणारी मुलंही तीनच होती, आणि हीच तीन वाद्यं वाजवणारी. कुणीतरी त्याला सांगितलं असेल, असं आम्ही धरून चाललो.

पण त्या भागात बँड चार वेळा थांबत होता. चौथ्या उत्तरापुढे लिहिलं होतं, 'बाँबार्दिनो, घराच्या आतून.'

आमच्याकडे बाँबार्दिनोवाला उरलाच नव्हता. पहिल्या तालमीत मास्तरांनी ती जागा नुसतीच जाऊ द्यायची ठरवलं. हात वर धरून ते मनात ठोके मोजत उभे राहिले. सगळे गप्प होते, आणि त्या शांततेत कुणीतरी श्वास घेतला. पितळी वाद्य वाजवणारा सुरुवातीला घेतो तसा, पोटापासूनचा, भरगच्च. तो रिकाम्या खुर्चीकडून आला. इतकी वर्षं ज्याच्या शेजारी झोपले त्याचा श्वास मला ओळखता येतो. नेलोने माझ्याकडे पाहिलं आणि मग उगाचच ढोलाचे पट्टे आवळत बसला.

घरी आले तर ब्लाय खोकून खोकून लाल झाला होता. दुसऱ्या दिवशी बोटाला लावायच्या यंत्रावर त्याचा प्राणवायूचा आकडा उतरलेला दिसला. हवा बदलली असेल, म्हटलं. पुढच्या तालमीनंतर तो आणखी उतरला. तिसऱ्या तालमीला शांततेतला तो श्वास लांबला, त्याच्या शेवटी सूर फुटायच्या बेतात होता, आणि घरी ब्लाय टेबल धरून उभा होता. मी त्याला खुर्चीत बसवलं, तेव्हा त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं माझ्या मनगटावर बाँबार्दिनोच्या कळा दाबल्यासारखी हलत होती. काय वाजवतोयस, असं विचारलं तर म्हणाला, काही नाही, मुंग्या आल्यात. मी खूप घाबरले होते, पण हे सांगू कुणाला?

शेवटी एस्क्रिवाला फोन लावला. तो अगदी सरळ माणसासारखा बोलला.

"मी काहीच रचलं नाही हो, ऐकलं तसं लिहिलं. मागच्या वर्षी खानावळीच्या सज्जातून ऐकत होतो. शेवटी तुम्ही बंद कारंज्याच्या गल्लीत थांबलात, निळ्या फरशांच्या घरापाशी. आत कुणी फार सुंदर वाजवत होतं. म्हातारा श्वास, पण काय सूर!"

निळ्या फरशांचं घर आमचं. मागच्या वर्षी सणाला ब्लाय इस्पितळात होता, मी त्याच्या उशाशी होते, आणि घराला कुलूप होतं. बँड आमच्या गल्लीत गेलाच नव्हता, हे मी नंतर मास्तरांना दोनदा विचारून घेतलं.

मी त्यांना चौथं थांबणं काढून टाकायला सांगितलं. कारण त्यांनी विचारलं नाही, पेन्सिलीने काट मारली. सणाच्या सकाळी मी कपाटावरच्या बाँबार्दिनोचा माउथपीस काढून गणवेशाच्या खिशात टाकला. त्याच्याशिवाय त्या वाद्यातून सूर निघू शकत नाही. ब्लाय स्वयंपाकघरात ओव्हनमध्ये भात लावत होता.

"मला न्यायला येणार का गं राणी?" त्याने हसत विचारलं.

"तुला कोण नेतंय?" मी म्हटलं. "भात करपवू नकोस म्हणजे झालं."

ऊन चांगलं होतं. तिन्ही मुलं एकेक करून रांगेत आली, आया रडल्या, बिस्किटं संपली. आता चौकातून सरळ हॉलवर जायचं होतं. चौकात बँड डावीकडे वळला.

मास्तर नंतर म्हणाले, मी ढोलामागे गेलो. नेलो म्हणाला, मी मास्तरांमागे गेलो. माझे पायही तालात चालत होते, थांबवता येईनात. बंद कारंजं मागे पडलं. निळ्या फरशांपाशी वाजणं आपोआप थांबलं.

शांतता झाली.

आतून बाँबार्दिनो वाजू लागला. तालमीत जो सूर येता येता राहिला होता, तोच.

खिशातल्या माउथपीसवर माझा हात गेला. तो गरम होता, आणि ओला.

दार उघडलं. ब्लाय एप्रन घालून, हातात डाव घेऊन उभा होता. "चुकलात की काय रे?" तो म्हणाला. "इथे कुणी नवा नाही." त्याच्या मागे, बैठकीत, सूर चालूच होता. त्याला तो ऐकू येत नव्हता. आम्हा सगळ्यांना येत होता.

कुणी हललं नाही. रिकामा न फिरणाऱ्या बँडची ती म्हण तेव्हा सगळ्यांच्याच मनात असणार.

"आता आलात तर येतोच," ब्लाय हसून म्हणाला आणि त्याने पाय उचलला.

मी रांग मोडून धावले. दोन्ही हातांनी त्याला आत ढकललं आणि उंबरठ्यावर आडवी उभी राहिले. समोर नुसता बँड होता, माझीच माणसं. मी कुणाशी बोलत होते ते मला माहीत नाही.

"माणूस मिळायचा नाही," मी म्हटलं. "त्याचं दुसरं काय हवं ते न्या."

सूर थांबला. माझ्या कानाजवळून काहीतरी ऊबदार बाहेर गेलं.

नेलोचा ढोल एकदा वाजला. बँड वळला आणि चालू लागला. शेवटच्या रांगेत, जिथे कुणी नव्हतं, तिथून बाँबार्दिनो ऐकू येत होता. गल्लीच्या टोकापर्यंत मी तो ऐकला.

"भात लागेल," ब्लाय मागून म्हणाला.

त्या दिवसापासून त्याचा खोकला गेला. डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, छाती अगदी शांत आहे, असं सहसा होत नाही. बोटाच्या यंत्रावर त्याचा आकडा माझ्यापेक्षा चांगला येतो. तो जिने चढतो, बाजारात घासाघीस करतो, मला चिडवतो. माउथपीस मी फडक्यात गुंडाळून खणात ठेवलाय. तालमीच्या दिवशी फडकं ओलं होतं, ते मी बदलते. नवी रचना हॉलमध्ये वाजवली, त्या कार्यक्रमानंतर एस्क्रिवाने बाँबार्दिनोवाल्याचं खास अभिनंदन कळवायला सांगितलं. मी कळवलं नाही.

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. सकाळी बाजारात सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती, कोबीवालीच्या, नेलोच्या, माझ्या. ब्लाय माझ्या शेजारी उभा राहून संत्र्यांच्या भावावरून भरभरून बोलत होता, हसत होता. त्याच्या तोंडासमोरची हवा स्वच्छ होती.

मी माझा मफलर काढून त्याच्या तोंडावर गुंडाळला.

"अगं, मला थंडी वाजत नाही," तो म्हणाला.

"असू दे," मी म्हटलं आणि नेलोने पाहिलं तर नाही ना, हे बघायला मागे वळले.