तळव्यांचा न आलेला निरोप

फरशी कोरडी होती, सपाट होती, खोलीत लख्ख ऊन होतं, आणि तरीही आजी पडली. ना पाय अडखळला, ना चक्कर आली. स्वेटर डोक्यावरून काढता काढता ती उभ्याची आडवी झाली आणि खुब्याचं हाड मोडलं.

ही आजी साधीसुधी नव्हती. डॉ. वर्षा म्हसकर म्हणजे यंत्रमानवांना चालायला शिकवणारी शास्त्रज्ञ. पन्हाळ्यावरच्या घरामागे तिची प्रयोगशाळा होती. दरड कोसळली की निसरड्या दगडमातीवरून जाऊन अडकलेल्या माणसांना पाठीवर घेऊन येणारा ‘टेकू’ तिनं तिथेच घडवला. त्याला ढकला, ओढा, पायाखाली गोट्या पसरा, टेकू काही पडत नसे. मग त्याला घडवणारीच कशी पडली?

घरादाराला हे कोडं पडलं होतं. अकरा वर्षांची अन्विता मात्र गप्प होती. तिला एक गोष्ट ठाऊक होती.

दोन महिन्यांपूर्वी आजी अंगणातून प्रयोगशाळेकडे निघाली असताना तिच्या डाव्या पायातली चप्पल निसटली. आजी तशीच खडीवरून पुढे गेली. तिला पत्ताच नाही! अन्विता हसून हसून लोळली. आजीही हसली, पण चप्पल घालताना हळूच म्हणाली, “सईला सांगू नकोस हं. लगेच डॉक्टरांकडे नेईल मला. टेकूची हिमालयातली चाचणी एकदा होऊ दे.”

सई म्हणजे अन्विताची आई. तिच्यापासून गुपित राखताना अन्विताला केवढी ऐट वाटली होती!

शस्त्रक्रियेनंतर आजी घरी आली ती वॉकर धरून. टेकू तिच्याशिवायच हिमालयात गेला होता. अन्विता पलंगाशी येऊन बसली.

“आजी, मी आईला सांगायला हवं होतं ना?” अन्विताने डोळे पुसत विचारलं.

“अगं वेडे, एवढ्याशा पोरीला मी गुपित राखायला लावलं. चूक माझी आहे,” आजी म्हणाली. मग तिनंही डोळे पुसले. “कोडं तरी सोडवू. एका पायावर उभी राहा बघू. राहिलीस? आता डोळे मीट.”

अन्विताने डोळे मिटले मात्र, तिची झोकांडी गेली. तिनं झटकन दुसरा पाय टेकला.

“तोल सांभाळायला मेंदूकडे तीन ठिकाणांहून निरोप येतात,” आजी सांगू लागली. “डोळे सांगतात, समोर काय आहे. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिका (द्रव भरलेल्या तीन बारीक नळ्या) सांगतात, डोकं कुठे वळलं. आणि तळव्यांतले चेतातंतू (मेंदूपर्यंत निरोप नेणारे धागे) सांगतात, भार टाचेवर आहे की चवड्यावर. लहान मेंदू (डोक्याच्या मागच्या बाजूला असलेला, हालचालींचा मेळ घालणारा भाग) हे निरोप ताडून पाहतो आणि स्नायू हवे तसे आवळले जातात. सगळं क्षणार्धात! आता सांग, माझं काय झालं?”

अन्विता विचारात पडली. “तुझ्या तळव्यांचे निरोप पोचतच नव्हते. म्हणून चप्पल निसटलेली कळली नाही. तू डोळ्यांच्या भरवशावर चालत होतीस. आणि स्वेटर काढताना...” ती एकदम थांबली. “डोळे झाकले गेले!”

“बरोब्बर. उरला एकटा कान. त्याच्यानं निभावलं नाही. मधुमेहानं चेतातंतू कधीपासून बोथट होत होते, आणि वयानं पायांतला जोरही कमी झाला होता.” आजी खिडकीबाहेर पाहत राहिली. “टेकूच्या एकेका तळव्यात दोनशे संवेदक (दाब टिपणारे बारीक भाग) आहेत. रोज सकाळी मी ते तपासायचे. स्वतःचे तळवे मात्र वर्षात एकदाही उलटून पाहिले नाहीत.”

“गेलेले निरोप परत येतील?”

“बहुधा नाही, बाळा. राहिलेत ते जपायचे.”

संध्याकाळी अन्विताने आईला सगळं सांगून टाकलं. आई तिला जवळ घेऊन म्हणाली, “मी तरी कधी विचारलं होतं तिला, पाय कसे आहेत म्हणून?”

त्यानंतर घरातल्या रीती बदलल्या. आजी खुर्चीत बसून कपडे बदलू लागली, घरातही पायात घट्ट बसणारे बूट घालू लागली. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलं तसं, स्वयंपाकघरातला ओटा धरून ती टाचा उचलायची आणि टेकवायची. फावल्या वेळात ती एका मोज्याचा आराखडा काढत होती. त्यातले संवेदक तळव्यांवरचा भार टिपणार होते आणि मोजा पोटरीपाशी थरथरून तो निरोप देणार होता. तो तयार व्हायला दोन-तीन वर्षं तरी लागतील, असं ती म्हणायची.

रोज सकाळी आजीचे तळवे पाहायचं काम अन्विताकडे होतं. एका सकाळी करंगळीखाली तिला लालसर फोड दिसला.

“आजी, इथे फोड आलाय.”

“दुखत तर नाही गं.”

“म्हणूनच तर!” म्हणत अन्विता उठली आणि तिनं हाक मारली, “आई!”

आजीचा हात तिला थांबवायला अर्धा वर आला होता. तो तिनं खाली घेतला.

“अजून जोरात,” ती म्हणाली. “सई गच्चीवर आहे.”